काठाच्या चिंध्या

दिवाळीची ब्लाऊजं गेली, लग्नसराईची अजून यायचीत,
असल्या रिकाम्या आठवड्यात आले ते.
सेलूच्या गारठ्यात दुपारी तीनला
माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीवर ऊन पडतं.
त्या उन्हात एक, मग सात, मग मोजणं सोडलं.
नारिंगी पाठ, वर काळे ठिपके.
आधी वाटलं, टिकल्यांची डबी सांडली.
टिकली चालायला लागली तेव्हा कळलं.

खिडकीच्या चौकटीत. स्विचबोर्डात.
मशीनच्या खणात, बॉबिनशेजारी.
अस्तराच्या घडीत.
कॅलेंडरमागं तर संक्रांतीपर्यंतच्या
सगळ्या तारखांना पुरून उरतील एवढे.
चावत नाहीत, कापड कुरतडत नाहीत,
नुसते एकमेकांना चिकटून
थंडी जायची वाट बघत बसतात.
म्हटलं, बसा. भाडं मी भरतेच आहे.

पण दैवशालाच्या पोरीचं ब्लाऊज,
मोतिया रेशीम, पाठीला गोंडे,
आणि नेमका इस्त्रीखाली आला एक.
बाहीवर पिवळा डाग. आणि तो वास,
खवट शेंगदाण्यासारखा, बोटांना दोन दिवस पुरणारा.
लिंबू चोळलं, शाम्पू चोळला,
शेवटी डागावर टिकल्यांची एक बुट्टी टाचली
आणि दैवशालाला म्हटलं, नवी फॅशन आहे.
ती म्हणाली, मग दुसऱ्या बाहीवर काहून नाही?
रात्री एकपर्यंत दुसरी बाही टाचत बसले.

मग मात्र कंबर कसली.
फिनाईल. कापूर. कडुलिंबाचा धूर,
ज्यानं मी खोकले, ते नाही.
बंकटच्या कृषी केंद्रात गेले तर तो म्हणाला,
ज्वारीत टाकायची गोळी देतो,
खोलीत ठेवा, सकाळी सगळे उताणे.
म्हटलं, बंकट, त्याच खोलीत मी झोपते.
तो जरा थांबला. म्हणाला, मग नको.

शमीमबी भिंतीपलीकडून म्हणाली,
झाडू नको मारू गं, चिडले की पिवळं सोडतात.
वरून पेला ठेव, खालून कागद सरकव.
मग तसंच. बॉबिनच्या डब्याला सुईनं भोकं पाडली,
रूळांपलीकडच्या करडईत नेऊन सोडले.
तिथं मावा पडलाय, खा म्हटलं, पोटभर.
सोडताना एकाच्या पाठीवर
बेतायच्या खडूची बारीक रेघ ओढली.
चौथ्या दिवशी, दुपारी तीनला,
रेघ भिंतीवर.

तेव्हा फटी बुजवायला घेतल्या.
वर्षभराच्या काठाच्या चिंध्या होत्या पोतडीत:
ओटीच्या खणाचा हिरवा, डोहाळजेवणाचा मोरपंखी,
पहिल्या पगारातून शिवलेल्या एका नर्सबाईचा पांढरा.
कात्रीच्या टोकानं कोंबत गेले
चौकटीत, पत्र्याच्या खाचेत, दाराच्या बिजागरीशी.
खोली ऊबदार झाली. हे आधीच करायला हवं होतं.
आठ हिवाळे मी इथं कुडकुडत काढले
आणि फट दाखवायला किडे यावे लागले.

दैवशालाची जाऊ आली, नणंद आली, 
नणंदेची मैत्रीण जिंतूरहून आली.
सगळ्यांना बाहीवर तसलीच बुट्टी.
डाग नसलेल्या कापडावर टिकल्या टाचताना
हात उगाच अडखळायचा.

शिवरात्र झाली, थंडी शिव शिव म्हणत गेली.
एका सकाळी काचेवर टकटक.
बाहेरून नाही, आतून.
जे आत राहिले होते ते सगळे काचेशी जमलेले,
चढतात, पडतात, परत चढतात,
आणि वाट मीच बुजवलेली.
आधी मोरपंखी उपसला, मग हिरवा.
पांढरा निघेना, दाताने ओढला.
तिथून एक एक करत बाहेर गेले,
पंख उघडताना घाई नाही, आभार नाहीत.
खडूची रेघ दिसते का बघत होते.
दिसली नाही. पुसली असेल.

स्विचबोर्डातले काही तिथंच मेले.
बटण दाबलं की अजून आत
वाळलेलं काहीतरी किरकिरतं.
वायरमनला सांगितलंय.