धावदोरा

कमिटीने मला चार आठवड्यांसाठी घेतलं,
ताशी बावीस डॉलर, मशीन माझंच.
कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या एका गोदामात
निळ्या कोटांच्या रांगा, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी:
आडनाव, खेळ, छाती, बाही.
हा देश मला तिथे इंचांत कळला.

गोळाफेकवाल्याचे खांदे कुठल्याच साइझमध्ये मावेनात.
जिम्नॅस्ट पोरगी सगळ्यात लहान मापातही पोहत होती.
नेमबाज म्हणाला, उजवी बाही जरा सैल ठेवा,
मग स्वतःच हसला:
तिथे कोट घालून थोडाच नेम धरायचाय.

मार्लिस व्राबेल, आठशे मीटर.
टाचण्या लावेपर्यंतही उभी राहवेना तिला,
या पायावरून त्या पायावर.
"बाही मनगटाच्या हाडाशी थांबू दे.
घड्याळ आजोबांचं आहे, आईला टीव्हीवर दिसलं पाहिजे."
पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घातला,
मग पक्की टीप. इस्त्री. चिठ्ठीवर खूण.

नवव्या दिवशी कमिटीचा माणूस आला, हातात पेन.
भला माणूस. बोलताना कोटांकडे बघत होता.
पोटरी फाटली म्हणे. सरावात. साध्या वळणावर.
व्राबेल खोडलं, वर लिहिलं प्रुइट.
"नवा मागवायला वेळ नाही. जमेल ना?"

जमतं. इचलकरंजीत माझ्या आईने
एका ब्लाऊजवर तीन बहिणींची लग्नं निभावली.

ओनीडा प्रुइट संध्याकाळी आली, विमानातून थेट,
आरशात बघेचना.
"हा तिचा होता का?"
माझ्या तोंडात टाचण्या होत्या. बरं झालं.

हिचे हात अर्धा इंच लांब.
दुमड उसवली, सोडली, पुन्हा घातली,
पण जुन्या टिपेची भोकं राहिली कापडावर,
मुंग्या जाव्यात तशी, एका ओळीत.
वाफ दिली. ब्रश मारला. नखाने घासलं.
मध्यरात्रीपर्यंत घासत होते.

उद्घाटनाच्या रात्री आमच्याकडे पोळ्या चालल्या होत्या.
नवरा ओरडला, आले बघ तुझे कोट!
पिठाच्या हातांनी धावले.
प्रुइट दिसली, दोनच सेकंद, हात उंच,
बाही कोपराकडे घसरलेली,
मनगट उघडं.
मग कॅमेरा झेंड्यावर गेला.

बिलात मी लिहिलं होतं: व्राबेल, बाही. प्रुइट, बाही.
कमिटीने दोन्हींचे पैसे दिले.
कोट किती होते, ते कोणी विचारलं नाही.