कोटा

फौजेत नंबर पाठ झाला
त्याच्या मागोमाग कायदे पाठ झाले.
भुजला गेटाबाहेर बाटली म्हणजे गुन्हा,
गेटाच्या आत सही करून मिळणारा पेग, औषधासारखा.
दिमापूरला सुभेदार म्हणाला, ट्रकमधून उतरू नका,
इथं पोलिसांच्या आधी चर्चच्या बायका येतात.
लेहला कोणी विचारायचं नाही.
दर बदलीला नवी भाषा, नवं पाणी,
आणि स्टेशनावर ट्रंक टेकवली की पहिला प्रश्न:
इथं चालते का?

आमच्या जिल्ह्यात चालत नाही.
पण हे मला गाव सोडल्यावर कळलं.
लहानपणी वाटायचं, संत्रा मोर्शीचा, मिरची भिवापूरची,
तशी दारू वर्धेच्या पलीकडच्या काठाची.
सांजच्याला डोंग्यातून माणसं ताठ जायची,
वाकडी यायची.
बेबीनंदाचा बाप एकदा आलाच नाही.
लग्नात तिनं मला हे सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

या सुटीत धामणगावला उतरलो.
ट्रंकेत कँटीनच्या दोन रम,
कार्डावर शिक्का, खिशात पावती,
सगळं कायद्यात,
पुलाच्या मधल्या खांबापर्यंत.
नाक्यावर नेमाजी ठमके. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा,
माझंच पाहून लिहायचा.
बाटली उन्हात धरून त्यानं लेबल वाचलं:
फक्त सैन्यदलाच्या वापरासाठी.
"हाव गा," म्हणाला, "पर पुलाच्या इकडं तू कायचा सैन्यदल?
इकडं तू उंबरीचा देवमन."
पावतीला त्यानं सलाम ठोकला.
बाटल्या ठेवून घेतल्या.

मग त्याला सांगावंच लागलं
की एक माझी नाही.
माणिक आत्रामच्या कोट्यातली शेवटची.
गोळी नाही, काही नाही. ट्रक दरीत गेला,
पेपरात चार ओळी.
कँटीनच्या पावतीवर त्याची वाकडी सही,
म-वरची रेघ शेवटपर्यंत न पोचलेली.
त्याचा बाप फोनवर म्हणाला होता:
"पेटी आली. बंदुका वाजल्या. सायेब रडला.
आता आमचं राह्यलं.
मोहाचे थेंब पडल्याबिगर पोरगं घरच्या देवात येत नाही,
अन् भट्टी तं गटाच्या बायायनं फोडली."
भट्टीवर पहिली काठी माझ्या बायकोची होती.

रात्री तिला सांगितलं.
ती भाकर थापत राहिली. तवा जळायला लागला तेव्हा म्हणाली,
"गावात नाही. आत्रामबुढ्यासाठीही नाही."
मग खूप वेळानं,
"नदी कोणाची आहे, थे ठमक्याले विचारा."

मे महिना. पात्रात वाळू जास्त, पाणी कमी.
नेमाजी साध्या कपड्यात आला, हातात वेळू.
हद्द म्हणे पात्राच्या मधोमध.
पण कुठलं मधोमध? पावसाळ्यातलं की आजचं?
तो वाळूत रेघा मारत, पुसत, पुढे गेला.
आत्रामबुढा धोतर खोचून त्याच्या मागं,
त्याच्या मागं मी, घोटाभर पाण्यात.
अलीकडच्या काठावर बेबीनंदा
कमरेवर हात ठेवून उभी,
पाठ केली नाही तिनं.

बुढ्यानं झाकण काढून वास घेतला.
"मोहाची नोहे."
मी पावती दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं,
सहीवरून बोट फिरवलं, दोनदा.
"चालते," म्हणाला.
पळसाच्या पानावर थेंब पडले, पानावरून पाण्यात.
उरलेली त्यानं प्यायली नाही.
बाटली उलटी धरून, पूर्ण रिकामी होईस्तोवर
तो माणिकला गोंडीत काहीतरी सांगत होता, रागावल्यासारखं.

ठमक्यानं रजिस्टरात लिहिलं:
नग दोन. एक फुटून वाया.
दुसरी, माझी, मालखान्यात आहे
उंदरांनी कुरतडलेल्या चिठ्ठीसकट.

पुढची बदली ऐझॉल.
परवा त्याचा फोन आला, हसत होता,
"काय गा देवमन, तेथी चालते का?"
ट्रंक अजून खोलली नव्हती.
मी म्हटलं, विचारलं नाही.