अंधार शे, वाघ नही

पिल्लं एकतीस दिवसांची झाली
आणि अजून एकदाही त्यांनी
रात्र पाहिली नव्हती.

नवापूरहून भोकं पाडलेल्या खोक्यात आली तेव्हापासून
मधल्या खोलीत, पत्र्याच्या गोल कड्यात,
भाताच्या तुसावर,
डोक्यावर शंभरचा पिवळा बल्ब.
दर सोमवारी मी साखळीची एक कडी वर घ्यायचे,
ऊब तेवढी उंच जायची.
लाईट गेली की घमेल्यात निखारे,
घमेल्यावर जाळी,
आणि मी जागी.

शिवरात झाली, थंडी शिव-शिव करत गेली म्हणतात,
पण पांझरेकाठी पहाटेची ती थोडी रेंगाळतेच,
विसरलेलं काही न्यायला आल्यासारखी.
म्हणून आणखी आठ दिवस थांबले.
मानेवरचा कापूस झडला, पिसं आली,
मग पंख, मग भांडणं.

आज चार वाजता टमाट्याचा क्रेट घेऊन बसले.
शेजारची हर्षाली शाळेतून आली ती दप्तरासकट वाकली,
एकेक उचलून देत गेली, मोजत.
तीस, एकतीस,
"काकू, हाई माले टोची ऱ्हायनं!"
बत्तीस.
एकेचाळिसावं लंगडं. ते माझ्या ओच्यात.

खुराडं निंबाखाली, रऊफ वेल्डरनं केलेलं,
करंगळी जाणार नाही अशी जाळी,
खाली पत्रा, मुंगसाला उत्तर म्हणून.
क्रेट आडवा केला तरी कुणी उतरेना.
जमीन त्यांना ठाऊकच नव्हती,
तिचा उतार, तिचा गार वास,
तिच्यावरून आपल्या कामाला निघालेली मुंगी.
एकानं वाऱ्यालाच टोच मारली.
मग सगळी एकदम धावली
आणि उन्हात थबकली, आपापली सावली बघत.
तीही टोचून पाहिली. दाणा नव्हता.

सहापर्यंत बरं चाललं.

मग बल्ब गेला.
त्यांना तसंच वाटलं असणार.
एवढा मोठा बल्ब, डोंगरामागे खाली-खाली,
आणि साखळी ओढणारं कुणी नाही.
चाळीस गळे एका कोपऱ्यात,
एकावर एक, एकावर एक,
तळातलं चेंगरेल म्हणून मी हात घालून
पीठ पसरावं तशी पसरवते,
ती पुन्हा ढीग.
"काबरं रडतस रे? अंधार शे, वाघ नही!"
मोठ्यानं बोलून गेले,
आणि आपलं वय आठवून रस्त्याकडे पाहिलं.

नऊला ह्यांचा फोन. सोलरवर रात्रपाळी,
हजारभर काळ्या काचा राखायच्या,
त्या काहीच करत नसतात तेव्हा.
"झोपनात का?"
मी फोन जाळीशी धरला.
ऐकत राहिले. बराच वेळ.
मग म्हणाले, "आठे बी असंच शे. फक्त आवाज नही."
आणि म्हणाले, टॉर्च लावू नको, सवय मोडेल.

कधीतरी चिवचिव विरत गेली,
तिच्या जागी ती घशातली बारीक कुरकुर,
भांडण मिटल्यावर माणसं करतात तशी.

आत आले.
मधल्या खोलीत बल्ब तसाच,
रिकाम्या तुसावर पिवळा वर्तुळ मांडून.
बटण बंद केलं.
महिन्यानं घरात अंधार झाला
आणि मला माझीच भिंत सापडेना.
तांब्याला पाय लागला. उंबऱ्याला अंगठा.
पडून पाहिलं. डोळे मिटले काय, उघडे काय.

शेवटी गोधडी काखेत घेतली,
खाट ओढत निंबाखाली नेली,
जाळीला पाठ लावून आडवी झाले.

कमरेशी आतून कोमट लागलं,
मुठीएवढं.
लंगडं असणार.
ते ढिगात गेलंच नव्हतं.