बेचाळीस बाटल्या

मिरची त्या मे महिन्यात साडेसातशेवर गेली.
मशीद बंदरच्या दुकानदाराने दुसरं पोतं उघडलं,
म्हणाला, 'हिचा रंग बघा, आंटी.'
बघितला.
बोटाला लागला तो रात्रीपर्यंत राहिला,
साबणाने, लिंबाने, चुलीतल्या राखेनेही जाईना.
मी तीच घेतली. पाच किलो.

मरोळच्या आमच्या अंगणात चार बायका कांडायला बसल्या.
धणे, तीळ, खसखस, नागकेशर, मायपत्री,
सगळं खरं, उन्हात तीन दिवस वाळवलेलं.
काठीने ठासून ठासून भरल्या
बिअरच्या तपकिरी बाटल्या, बेचाळीस.
वहीत नावं लिहिली.
लेबल मी कधी लावत नाही,
गावठाणात माझ्या तोंडावर बाटली जाते.

पुढच्या उपवासकाळात जाळीपाशी गुडघे टेकले.
सुनेला टोचून बोलले, ते सांगितलं.
दोन रविवारची मिस्सा चुकवली, ते सांगितलं.
मग, उठता उठता, मिरची.
फादर वसईचे, नवे, माझ्या धाकट्याच्या वयाचे.
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, 'क्षमा देवाकडे आहे, बाय.
पैसे तुमच्याकडे आहेत.'

मला वाटलं होतं, तीन नमो मरियात भागेल.

लिफाफे केले. दर बाटलीमागे दीडशे.
ब्रिजिता मिस्किटाने दोनदा मोजले
आणि दार लावलं. बरं वाटलं.
आंब्रोज अंकल म्हणाले, 'अगं वेडे,
त्या वर्षीचा मसाला तर एक नंबर होता!'
हे लावलेल्या दारापेक्षा जड गेलं.
उपाध्येबाईंनी आत बोलावलं, पंखा लावला,
चहात साखर ढवळता ढवळता म्हणाल्या,
'जूनमध्ये आमच्या ओंकारला जुलाब लागले होते.
मी पाण्याला बोल लावला.'
एवढंच. आणि बिस्किटं पुढे केली.
माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.

तिघं टॉवरमध्ये गेली, कुठल्या ते कोणाला ठाऊक नाही.
एक कॅनडात. नातल मामा कबरस्थानात, भिंतीकडच्या रांगेत.
ज्यांचा ठिकाणा नाही त्यांचं गरिबांना, फादर म्हणाले होते.
पेटीत टाकताना नाणी नव्हती, तरी आवाज आला
असं वाटलं.

शेवटचं घर जेसिंताचं.
बाटली तिच्या आईने नेली होती, आप्पोलिनने,
मे महिन्यात, स्वतः चालत येऊन,
आणि ऑगस्टात गेली.
जेसिंताने फ्रीजच्या दारातून ती काढली.
तळाशी चार बोटं मसाला.
'वापरत नाही, आंटी. नाताळात उघडली फक्त.
आईच्या हाताचा वास आहे याला.'

लिफाफा माझ्या पर्समध्ये.
सातवी आज्ञा म्हणत होती, दे.
आठवी म्हणत होती, बोल.
आणि ती पोर बूच काढून
बाटली माझ्या नाकाशी धरत होती.
खरंच होता वास.
नागकेशर होतं, आप्पोलिन होती,
माझं पोतंही होतं त्यात कुठेतरी.

म्हटलं, 'खाऊ नकोस हं ती. जुनी झाली.'
हे खरं आहे.
सगळं खरं नाही.

एकेचाळीस ओळींवर रेघ ओढली आहे.
लिफाफा प्रार्थनेच्या पुस्तकात, बेचाळिसावा,
पान मात्र रोज बदलतं.
शनिवारी पाचला जाळी उघडते,
फादरना विचारीन. त्यांनाही ठाऊक असेलच असं नाही.

परवा मशीद बंदरला गेले. दुकान तेच. आठशे.
एक मिरची उचलली, देठासकट चावली,
तिथेच, उभ्या उभ्या.
डोळ्यांना धार लागली.
दुकानदार घाबरला.
'आंटी, रडता कशाला? वीस रुपये कमी करतो.'