संख्या: दोन

एक्स-रे विभागातला पोंक्षे फिल्म घेऊन स्वतःच वर आला.
म्हणाला, मॅडम, ही बिघडली बहुतेक, पुन्हा काढतो.
दोन्ही फुप्फुसं पांढरी,
वाळूचं वादळ उठावं आणि हृदयाची कडसुद्धा
त्यात बुडून जावी, तशी.
पुन्हा काढली.
तशीच आली.

अशा फिल्मचं माणूस स्ट्रेचरवरून येतं.
ही तीन मजले चढून आली होती,
पिशवीत कोथिंबिरीची जुडी, आणि घाईत.
शैला ढमाले, वय एकतीस. तक्रार काही नाही.
अपेंडिक्सच्या ऑपरेशनआधी काढा म्हणाले, म्हणून काढली.

मी तेव्हा नवी. विचारलं,
वाघोलीच्या खाणीत होतात का कधी? खडीच्या मशीनवर?
ती हसली.
"तुळशीबागेमागे फॉल-पिको करते, डॉक्टर.
धूळ म्हणाल तर दोऱ्याची."

जाडजूड पुस्तकात या आजाराला सात ओळी होत्या.
श्वासाच्या पिशव्यांत चुन्याचे कण साचतात,
बंबाच्या आत साचतो तसा थर,
वर्षानुवर्षं, आवाज न करता.
सातव्या ओळीत: भावंडांना तपासा.

रोहिदासला बोलावलं. त्याचीही फिल्म पांढरी.
तो तालमीतून थेट आला होता, अंगाला माती.
आई बाहेर बाकावर बसून होती.
"घरातलंच स्थळ होतं," एवढंच म्हणाली,
आणि पदराची गाठ सोडून पुन्हा बांधली.

शोधनिबंध परत आला. परीक्षकानं लिहिलं होतं:
निरीक्षणं रोचक, पण संख्या फार लहान.
मी शैलाला सांगितलं.
ती म्हणाली, आईला आता कुठल्या तोंडानं सांगू
की अजून चार-पाच हवे होते?

मग आम्ही दोघी दर मार्गशीर्षात चालायचो.
तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन टोकांना पिवळी चिकटपट्टी,
सहा मिनिटं. ती पुढे, मी घड्याळ घेऊन मागे.
पाचशे साठ. पाचशे पंचावन्न.
सात वर्षं काही हललं नाही, मला वाटलं, जिंकलो.
चारशे नव्वद.
एक औषध दिलं. उगाच दिलं.
एक फुप्फुस खाऱ्या पाण्यानं धुऊन पाहिलं,
पाणी स्वच्छ बाहेर आलं. खडी जागची हलली नाही.
चारशे दहा.
तीनशे, आणि मधे एकदा खुर्ची.

एकदा म्हणाली, मला दाखवा तरी काय आहे ते.
मी तिला सूक्ष्मदर्शकाखाली तिचाच तुकडा दाखवला:
गोल कण, आत गोल, त्याच्या आत अजून गोल.
तिनं डोळा बारीक करून बराच वेळ पाहिलं.
"बटणं आहेत," म्हणाली. "नुसती भोकं पाडायची राहिलीत."
माझ्या विद्यार्थ्यांना मी तेव्हापासून बटणंच शिकवते.

ती गेली त्या वर्षी
तिनं आधीच सही करून ठेवलेला कागद मी काढला.
सुरी फुप्फुसात शिरताना करकरली.
इतकी वर्षं पुस्तकात वाचलेला तो आवाज.
मी ऐकला, आणि नोंदवहीत लिहायला
मला दोन दिवस लागले.

आता निवृत्त झाले. कपाटात नावं अकरा.
परीक्षकाला अजूनही थोडीच वाटतील.

परवा रोहिदासच्या मुलीचा फोन आला. लग्न ठरतंय.
मी पहिलं काय विचारणार, हे तिला पाठ:
"नाही मॅडम, नात्यातला नाही. कोथरूडचा आहे,
रक्तही तपासून घेतलंय त्यानं.
खूप प्रेमळ आहे हो. रोज सकाळी गॅलरीत
कबुतरांना दाणे घालतो."

मी खुर्चीत ताठ बसले.
म्हटलं, अगं, त्याला घेऊन ये आधी.
आणि येताना त्याची फिल्म.