पाण्यात पाहणे

एस्टोनियात, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात,
मी पेइप्सी तळ्यावर बसलोय.
काठावर नव्हे, तळ्यावर.
ढुंगणाखाली घडीचं स्टूल, स्टुलाखाली हातभर बर्फ,
बर्फाखाली जे काय असेल ते.

झिनोवी माझ्याहून सातेक वर्षांनी मोठा.
दाढी छातीपर्यंत, धर्मानं राखायला लावलेली.
क्रूस दोन बोटांनी काढायचा की तीन,
ह्या भांडणापायी त्याच्या पूर्वजांनी मुलूख सोडला
आणि ह्या काठाला येऊन कांदे लावले.
हे काल रात्री त्याच्या सुनेनं सांगितलं, उस्तिन्यानं,
तोडक्या इंग्रजीत, कांद्याची पोळी कापता कापता.
दोन बोटं की तीन.
कुंदाला हसू आलं. मी हसलो नाही.

गिरमिट तो स्वतःच फिरवतो.
आधी पांढरा भुगा, मग करडा,
मग भसकन पाणी, थेट बुटांपर्यंत.
लांब दांड्याचा झारा घेऊन तो भोकातला चुरा काढतो,
तळणीतून बुंदी काढावी तसा, निथळून, न सांडता.
अळ्या गारठू नयेत म्हणून गालात ठेवल्यात;
एक काढून माझ्या गळाला लावतो
आणि हातानं शिकवतो:
वर, खाली, थांब.
वर, खाली, थांब.
आमच्या दोघांत भाषा एवढीच.

वीतभर रुंद भोक. मी पाण्यात पाहतो.

मराठीत ह्याचा काय अर्थ होतो, हे त्याला कसं सांगू?
की मधुसूदन किरपेकर नावाच्या माणसाला
मी चौदा वर्षं पाण्यात पाहत आलोय.
आम्ही दोघांनी मिळून चष्म्यांचं दुकान काढलं होतं.
पाटीवर कुणाचं नाव आधी, इथनं सुरू झालं.
पुढं हिशेब, पुढं वकील,
पुढं त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका,
जी मी न फोडता रद्दीत टाकली.

पण ते पाणी नितळ असायचं.
त्यात तो लख्ख दिसायचा, भांगासकट.
हे काळं आहे. ह्यात कुणीच नाही.
वाकून बघितलं तर माझी कानटोपीसुद्धा नाही.

वर, खाली, थांब.

आणि बाही धरून लहान मुलानं ओढावं
तशी ओढ.
दोरा हातावर गुंडाळत, धांदरटासारखा,
मी एक पर्च वर काढला.
हिरवट, अंगावर गडद पट्टे, पर तांबडेलाल,
माझ्या तळहाताएवढा.
झिनोवी बघतो आणि बोटानं दाखवतो: टाक तिथं.
बर्फावर दोनदा उडाला. मग कडक.
खारकेसारखा कडक.

दिवसअखेर झिनोवीचे एकतीस, माझे दोन.

संध्याकाळी सिंकमध्ये पाणी सोडलं
आणि कुंदा एवढ्या मोठ्यानं ओरडली
की वरच्या मजल्यावरून झिनोवीचा नातू धावत आला.
माझ्या दोनांपैकी एक पोहत होता.
तिरपा, पण पोहत.
बशीला धडकून वळायचा, परत बशीला धडकायचा.
उस्तिन्या म्हणाली, होतं असं,
गारठतात नुसते.

आम्ही पाच जण सिंकभोवती उभे राहिलो
पाहुणा आल्यासारखे.
नातवानं चिमटीत पावाचा चुरा टाकला. त्यानं खाल्ला नाही.
चुलीवर लोणी काळं व्हायला लागलं.
झिनोवीनं सुरी उलटी धरली, मुठीकडनं एकच ठोका,
आणि दोन्ही मासे शेजारी शेजारी तव्यात.

बाहेर तळं करकरत होतं,
लाकडी माळ्यावर कुणी रात्रीचं चालावं तसं.
जेवताना, मान वर न करता, कुंदा म्हणाली,
"मधुसूदनला किती आवडायचे मासे."
मी काटे काढत होतो. माशाच्या मानानं फारच काटे.
"काय म्हणाल्या त्या?" उस्तिन्यानं विचारलं.
मी म्हणालो, मीठ हवंय.

झिनोवीनं मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.
दोन बोटांनी.