क्लीव्ह

इंग्रजीच्या तासाला मिस प्रॉसरनी
फळ्यावर एकच शब्द लिहिला : क्लीव्ह.
(फळा आमच्याच खाणीतला,
अजून गार.)
अर्थ दोन. दुभंगणे. आणि बिलगणे.
मेरेडिथ म्हणाला, मिस, यातला चुकीचा कुठला?
वर्ग हसला. वेल्शमध्ये हसला.

मला बाबा दिसले, शेडच्या दाराशी बसलेले,
मांडीला टेकवलेला स्लेटचा दगड,
रुंद छिन्नी, लाकडी हातोडीची जेमतेम टिचकी,
आणि वहीचं पान उलटावं तसा
दगड उघडायचा.
जोर लावायचा नाही, ते म्हणायचे,
जिथं घट्ट दाबला गेलाय
तिथंच सुटतो तो.

संपाच्या सातव्या महिन्यात
इद्वलकाका कामावर परतला.
त्याची पोरं चार होती, आम्ही दोघी.
हिशेब एवढाच, पण तो कुणी मांडला नाही.
चॅपेलमध्ये ते उजवीकडे बसू लागले
आणि आईनं त्यांच्याकडची किटली
धुऊन, पुसून, त्यांच्या पायरीवर नेऊन ठेवली.

घरं मात्र जोडूनच. मधे एकच भिंत.
रात्री पलीकडून काकाचा खोकला यायचा,
तोच कोरडा, स्लेटच्या धुळीचा.
तो थांबला की इकडून बाबा खोकायचे.
कधी कधी, मला वाटतं,
उगाचच.

परीक्षेत आलं : वाक्यात उपयोग करा.
मी लिहिलं, माझे बाबा आणि काका क्लीव्ह करतात.
मिसनी समासात लाल शाईनं विचारलं,
नक्की कुठल्या अर्थी?
आणि दोनपैकी एक गुण दिला.